‘जीव वाचला ना, मग केसांचे काय घेऊन बसलीस?’

प्रिय ताई,

अकरा आठवड्यांपूर्वी आपली हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वी ठरली आणि आता आपण रोज फिरायलाही जाता. मात्र पहिल्याच आठवड्यात छातीवर खाजरे, पाण्याने भरलेले फोड आले. पुढे हृदयाला जोडण्यासाठी ज्या पायातून शीर काढली त्या पायावर कोरडे चट्टे उठले. छातीवरचा व्रण जाड होत चालला आहे आणि गेल्या पंधरवड्यापासून केस पुंजक्यांनी गळत आहेत. घरी सांगावे, तर थोरली बहीण म्हणते, ‘जीव वाचला ना, मग केसांचे काय घेऊन बसलीस?’ शरीर ही शस्त्रक्रिया नाकारत तर नाही ना, असे आपण पत्राच्या शेवटी भीतभीत विचारले आहे.

त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही. आपल्याला जोडलेली शीर आपल्याच पायातली आहे, त्यामुळे शरीराने ती परकी मानण्याचा प्रश्नच येत नाही. आपण चार तक्रारी एकाच भीतीच्या दोरीत ओवल्या आहेत. त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत.

फोड ड्रेसिंगच्या पट्टीच्या आकारातच होते आणि पट्टी काढल्यावर ओसरले, असे आपण लिहिता. पट्टीवरच्या चिकट द्रव्याची किंवा जखम पुसण्याच्या जंतुनाशकाची ॲलर्जी अशीच दिसते. तो त्रास संपला असला, तरी त्याची नोंद आपल्या फाइलवर करून घ्या, कारण अशी ॲलर्जी सहसा कायम राहते. नेमके कशाने झाले, हे त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून पाहण्याची चाचणी, करून सांगू शकतात.

पायाकडे मात्र मी आपले अधिक लक्ष वेधू इच्छिते. शीर काढताना तिच्या सोबतीने जाणारा संवेदनेचा बारीक मज्जातंतू दुखावू शकतो. मग व्रणाच्या कडेने बधिरपणा येतो आणि काही जणांना तिथेच इसब होते. खाजवून त्वचेला भेगा पडल्या, तर त्यांतून जंतू आत शिरतात आणि पाय सुजून, लाल होऊन तापही येऊ शकतो. म्हणून ही तक्रार किरकोळ नाही, आणि ती सांगणे म्हणजे कृतघ्नपणा तर मुळीच नाही. कपाटात सापडलेले जुने मलम लावणे कृपया आजच थांबवा. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असतात. त्यांतले प्रतिजैविक स्वतःच ॲलर्जी आणू शकते आणि स्टिरॉइडमुळे आत वाढणारा जंतुसंसर्ग झाकला जातो. डॉक्टरांना दाखवेपर्यंत साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर पुरे.

केसांचे कोडे तारखांनीच सुटते. मोठ्या आघातानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. आज गळणारा केस आपल्या शस्त्रक्रियेच्या दिवसांतला आहे. मुळे शाबूत असल्याने साधारण सहा महिन्यांत ही गळती थांबते आणि केस परत येतात. रक्तस्रावामुळे लोह कमी झाले असेल तर केस परत येणे लांबते, म्हणून रक्ततपासणीचे अवश्य विचारा. नखांवर आडवी खाच दिसली तर घाबरू नका, तीही त्याच दिवसांची खूण असते.

छातीच्या मध्यावरचा व्रण जाड होण्याकडे अनेकांचा कल असतो. तो मूळ चिरेच्या हद्दीतच उंचावला असेल, तर कालांतराने बसण्याची शक्यता चांगली. हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरू लागला, तर तो कीलॉइड असू शकतो आणि त्यावर लवकर उपचार केलेले बरे. जखम पूर्ण भरली असेल तर सिलिकॉन जेलबद्दल विचारा. पहिले वर्षभर व्रणावर ऊन पडू देऊ नका, तो काळवंडतो.

खाजेचे खापर औषधांवर फोडून रक्त पातळ ठेवणारी किंवा अन्य कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. मात्र व्रणातून पू किंवा पाणी येणे, लाली पसरत जाणे, थंडी वाजून ताप येणे, छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे, अंगभर पुरळ उठून तोंडात फोड येणे किंवा त्वचा सोलवटणे, यांतले काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला, तर एक क्षणही दवडू नका.

पुढच्या भेटीला जाताना कोणती तक्रार कोणत्या तारखेला सुरू झाली आणि कोणते औषध कधी चालू झाले, हे एका कागदावर लिहून न्या. चट्ट्यांचे फोटोही काढून ठेवा. आणि सोबत थोरल्या बहिणीलाच घेऊन जा. आपल्यावरच्या मायेपोटीच तिने तक्रार उडवून लावली असावी. पायाबद्दल डॉक्टर काय सांगतात, हे तिने स्वतः ऐकलेले बरे.