शिकवलं की पळतात, आणि सांगून पण जात नाहीत

छोटे कारखानदार माझ्याकडं समुपदेशनाला येतात ते बहुतेक झोप, बीपी, घरातली भांडणं असलं काहीतरी घेऊन. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी हमखास एका वाक्यावर येते: मॅडम, चांगली माणसं मिळत नाहीत, मिळाली तर शिकवलं की पळतात, आणि पळताना साधं सांगत पण नाहीत, काय करायचं? हॉटेलवाले हेच म्हणतात, पार्लरवाल्या ताई हेच म्हणतात, प्रिंटिंग प्रेसवाले पण हेच. सगळ्यांना एकच उत्तर देण्यापेक्षा एक केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणारं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणारं एक शॉप. तीन सीएनसी लेथ, चार व्हीएमसी (दोन्ही धातू कापायची, कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), माणसं चौदा. कामगार मालकाला शेठ म्हणतात, मी पण इथं शेठच म्हणते. वय पन्नाशीच्या अलीकडचं, स्वतः आयटीआय करून मशीनवर उभं राहून वर आलेला माणूस. बायको घेऊन आली होती, ते स्वतः आलेच नसते. तिचं म्हणणं, हे रात्री अकराला घरी येतात, जेवताना एक शब्द बोलत नाहीत आणि गुरुवारी सुट्टी असून पण शॉपवर जाऊन बसतात. (भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, बाहेरच्यांसाठी सांगितलं.)

झालं असं होतं की त्यांचा सेटर, म्हणजे प्रत्येक कामासाठी मशीन लावून देणारा माणूस, गेला होता. हेल्पर म्हणून आलेला पोरगा, शेठनी हाताला धरून शिकवलं, मशीनला मापं (ऑफसेट) देण्यापासून जॉब पकडायचं फिक्स्चर बसवण्यापर्यंत सगळं, साडेएकोणीस हजार पगारावर आणला आणि एक दिवस तो आलाच नाही. फोन बंद. आठवड्यानं कळलं की चाकणला एका मोठ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर लागलाय, साडेवीस हजारावर.

"हजार रुपयासाठी गेला मॅडम, हजार रुपयासाठी." हे त्यांनी पहिल्या भेटीत किती वेळा म्हणलं असेल. मग पुढं त्यांनी ठरवूनच टाकलं की आता कुणाला सेटिंग शिकवायचंच नाही, सात मशीनचं सेटिंग आपणच करायचं, म्हणजे कुणी गेलं तरी अडायला नको. परिणाम काय तर दोन मशीन कायम सेटिंगची वाट बघत उभी, ऑपरेटर मोबाईल बघत बसलेले, आणि शेठ घामाघूम.

मी एचआरवाली नाही, त्यामुळं भरती कशी करायची हे सांगायला मी बसलेच नव्हते. मला त्यांच्या रागात इंटरेस्ट होता. कारण राग माणूस गेल्याचा नव्हता, न सांगता गेल्याचा होता. तेच सारखं येत होतं. पोरासारखं वागवलं, लग्नाला गेलो, दिवाळीला बोनस बरोबर मिठाईचा बॉक्स आणि कपडे, चाळीस हजार उचल दिली बिनव्याजी, आणि हा मला तोंडावर सांगू शकत नाही?

म्हणून मी म्हणलं, मागच्या दोन-तीन वर्षात जे जे गेले त्यांची यादी करून आणा. नाव, कोणत्या तारखेला गेला, सांगून गेला की न सांगता, आणि शेवटचा हिशोब कधी झाला. एवढंच. शेठनी डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागं लिहून आणली. ती यादी टेबलावर ठेवून आम्ही दोघं बघत बसलो आणि खरं सांगते, मला काही बोलायची फारशी गरजच पडली नाही.

अकरा माणसं गेली होती. सगळ्यात आधी गेलेल्या दोघांनी महिनाभर आधी सांगितलं होतं, व्यवस्थित. त्यातल्या एकाला शेठनी त्याच दिवशी मशीनवरून काढून बर (पार्टच्या कडेची खरखरीत धार) काढायच्या टेबलवर बसवला, जाणाराच आहेस ना मग मशीन कशाला पाहिजे. दुसऱ्याचा शेवटचा पगार "नंतर बघू" म्हणून ठेवला तो पाच महिने. तो पोरगा गेटवर येऊन उभा राहायचा आणि बाकीचे सगळे बघायचे. त्यानंतरची नऊच्या नऊ माणसं न सांगता गेली होती आणि जवळपास सगळी अकरा किंवा बारा तारखेला. शेठकडं पगार दहा तारखेला व्हायचा.

म्हणजे हिशोब सरळ होता. पगार हातात पडला की निघायचं, चालू महिन्याचे आठ-दहा दिवस सोडून द्यायचे, कारण सांगून गेलं तर अख्खा महिना अडकतो आणि वर चारचौघात अपमान. सांगून जाणाऱ्याला शिक्षा आणि न सांगणारा सुटतो हे शॉपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त मालकाला नाही. आणि आपल्यात बऱ्याच ठिकाणी हेच चालतं बरं का, नुसतं कारखान्यात नाही. राजीनामा दिला की त्या माणसाशी बोलणंच बंद करणारे, अनुभवाचं पत्र अडवणारे मालक काही थोडे नाहीत, आणि तेच परत विचारतात की आजकाल लोक नोटीस का देत नाहीत.

शेठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण सेटरचं मी काय वाईट केलं होतं?"

ते त्यालाच विचारा म्हणलं. पण विचारायच्या आधी त्याचा राहिलेला हिशोब देऊन टाका. यावर आमच्या दोन भेटी गेल्या. गद्दाराला पैसे देऊ? मी म्हणलं ते पैसे त्यानं काम केलेल्या दिवसांचे आहेत, गद्दारीच्या दिवसांचे नाहीत. शेवटी एका संध्याकाळी चिडूनच त्यांनी फोनवरून पैसे पाठवून दिले, खाली काही न लिहिता. तासाभरात सेटरचा फोन आला. रडला म्हणे.

त्यानं सांगितलं ते असं. बायकोची डिलिव्हरी खासगी दवाखान्यात झाली, सिझर झालं, त्यासाठीच ती उचल होती. कंपनीत लागलेल्या त्याच्या मेव्हण्याच्या बायकोचं बाळंतपण चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या हॉस्पिटलमध्ये झालं, एक रुपया लागला नाही. मग घरी रोज तेच ऐकायचं. दुसरं, आळंदी रोडला वन आरके बघितला होता, बँकेनं पगार स्लिप मागितली. त्यानं शेठकडं तीनदा स्लिप मागितली. शेठनी तीनदा "करू रे" म्हणलं. उचल फिटली त्याच्या पुढच्या महिन्यात तो गेला. त्याच्या आधी जाणं बरं दिसलं नसतं असं तोच म्हणाला.

आता उचलीचं बघा. मालकाला वाटतं उचल दिली की माणूस आपला झाला. कामगाराला पण तसंच वाटतं, म्हणून तो फिटेपर्यंत थांबतो आणि फिटली की मोकळा होतो. चाळीस हजार देताना शेठनी विचार केला नाही, पण एक कागद द्यायला टाळाटाळ केली, कारण चाळीस हजार हा त्यांचा मोठेपणा होता आणि स्लिप हा त्याचा हक्क. मोठेपणा करायला आपल्याला आवडतं, हक्काचं द्यायला जीवावर येतं. आणि स्लिप द्यायची नाही याला अजून एक कारण होतं, मस्टरवर, म्हणजे कागदोपत्री हजेरीपटावर माणसं नऊच होती. ईएसआय दहा माणसांपासून लागू होतं हे कुणालाही माहीत आहे, म्हणून नऊ. सेटर त्या नवात नव्हताच.

जी पोरं लग्नाची असतात त्यांचं तर वेगळंच. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, पीएफ कटतो का. पगार किती हे नंतर. तुमच्याकडं पंचवीस हजार हातावर मिळत असतील तरी ते "वर्कशॉपला आहे" असं होतं आणि कॉन्ट्रॅक्टवर कमी पगारात असला तरी "कंपनीत आहे" असं होतं. हे हसण्यावारी नेऊ नका, यावर लग्नं मोडलेली मी बघितलीत.

यानंतर शेठनी सीएला बसवून हिशोब केला. चौदाच्या चौदा मस्टरवर घेतली. ईएसआयला मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का, पगार एकवीस हजारापर्यंत असेल तर. पीएफ वीस माणसांच्या आत सक्तीचा नाही, पण मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर आपणहून घेता येतो. पंधरा हजारावर बारा टक्के धरले तर माणशी अठराशे, वरचे चार्जेस आणि विम्याचे धरून साडेएकोणीसशे. चौदा माणसांचे महिना सत्तावीस हजार तीनशे. शेठना आकडा बघून घाम फुटला. मग मी विचारलं सेटर गेल्यावर दोन मशीन किती दिवस निम्मी उभी होती, आणि तासाला रेट काय. चारशे रुपये तास. त्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटर काढला आणि बाजूला ठेवला.

सगळं गोड झालं असं नाही. निम्म्या पोरांनी कुरकुर केली, आमचे पण अठराशे कटणार, हातात कमी येणार. मराठवाड्यातून आलेली, खोलीवर चौघं राहणारी, गावाकडं पैसे पाठवणारी पोरं, त्यांना म्हातारपणचं काय सांगता. शेठनी थोडा पगार वाढवून अर्धा फटका स्वतः घेतला, तरी एक ऑपरेटर त्याच कारणानं गेला. पण सांगून गेला.

कारण तोपर्यंत एक कागद नोटीस बोर्डवर लागला होता, मराठीत आणि हिंदीत. पगार सात तारखेला. ओटीचा, म्हणजे जादा तासांचा रेट अमुक. जायचं असेल तर महिनाभर आधी सांगा, शेवटच्या दिवसापर्यंत तुमचं मशीन तुमचंच, हिशोब पुढच्या सात तारखेला पूर्ण. कागदावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. तो ऑपरेटर गेला आणि सात तारखेला त्याचे पैसे जमा झाले, त्यानं ग्रुपवर टाकलं, तेव्हा ठेवला. पाठोपाठ जुन्या बाकीच्यांचे पण देऊन टाकले, त्यातल्या एकानं तर नंबरच बदललेला, त्याला गावच्या ओळखीतून शोधला.

माणूस घेताना शेठ आधी एकच विचारायचे, फानुक येतो का सीमेन्स (मशीनच्या कंट्रोलचे दोन ब्रँड), आणि उद्यापासून ये. आता अर्धा दिवस मशीनवर ट्रायल असते, त्याचे पैसे देऊन. ड्रॉइंग हातात, मायक्रोमीटर हातात, बघू काय करतोस. त्याबरोबर राहतो कुठं, रात्रपाळीला येणार कसा, घरी कोण आजारी आहे का, हे पण विचारतात. तळेगावहून बाईकवर ये-जा करणारा किती दिवस सेकंड शिफ्ट काढेल हे ट्रायलमध्ये कळत नाही ना. आणि आयटीआयची दोन पोरं अप्रेंटिस म्हणून घेतलीत, त्यांच्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त पंधराशे, केंद्राच्या योजनेतून मिळतो. ही पोरं पण जातील एक दिवस, हे शेठना आता माहीत आहे, आणि तरी ते त्यांना सेटिंग शिकवतात.

सेटर परत आला नाही. मी आधीच सांगितलं होतं की तो परत यावा म्हणून हे करू नका. त्याचा वन आरके झाला, पूजेला शेठ जाऊन आले.

तेव्हा ज्यांनी हाच प्रश्न विचारलाय त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की नवीन माणूस शोधायच्या आधी गेलेल्यांची यादी काढा, तारखा बघा, आणि कुणाचे पैसे राहिलेत का ते बघा. स्लिप, सर्टिफिकेट, पीएफ नंबर असलं काही कोण मागतंय, ओटीला नेहमी थांबणारा कोण एकदम घरी जायला लागलाय, तिकडं पण लक्ष ठेवा. शेठ अजून येतात अधूनमधून. सध्या मुलगा धंद्यात यायला नाही म्हणतोय, त्यावर आमचं चाललंय. त्यानं निदान तोंडावर सांगितलं, असं शेठच म्हणाले.