मनात भीती असताना केलेले समर्पण अपुरे असते का?

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील सभा आणि मे महिन्यातील तरुणांची शिबिरे आटोपली की सोलापुरातील माझ्या समुपदेशन कक्षात एकच काळजी निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते: "देवाची सेवा करायची आहे, पण मन पूर्णपणे तयार होत नाही, मग माझे समर्पण खरे आहे का?" विचारणारे बहुधा पंचविशीच्या आसपासचे, मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मनापासून राबणारे असतात. ज्याला देवाशी काही देणेघेणे नाही त्याला हा प्रश्न पडतच नाही, हे मला पहिल्याच भेटीत सांगता येईल. पण मी ते सांगत नाही, कारण धीराचे वाक्य फार लवकर मिळाले की माणूस आपली खरी अडचण न उघडताच परत जातो.

अशांपैकी एकाची हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे. हा तरुण अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात नक्षीकामाच्या विभागात होता. वडील हयात नव्हते. घरी आई आणि कॉलेजात शिकणारी बहीण. दर रविवारी तो शब्बाथशाळेत मुलांना शिकवी, आणि पूर्णवेळ सेवेसाठी कोण पुढे येतो, अशी हाक मेळाव्यात आली की हमखास पुढे जाई. सोमवारी संगणकावर जकार्डची नक्षी जुळवताना पगाराचा विचार मनात आला, की काल आपण देवाला फसवले, असे त्याला वाटे.

"पूर्ण मन म्हणजे काय, असे तुम्हाला वाटते?" मी विचारले.

"भीती नसणे, मॅडम. किंतु नसणे."

"आणि तसे मन होईपर्यंत काय करायचे?"

"थांबायचे."

माझी घडण विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या विचारात झाली आहे, त्यामुळे दुःखाच्या मागे माणसाने स्वतःकडे केलेली एखादी अवाजवी मागणी दडली आहे का, हे मी प्रथम पाहते. देवाची सेवा करावी, ही त्याची इच्छा होती आणि ती निरोगी होती. मात्र ती करताना मनात भीतीचा लवलेशही उरता कामा नये, अशी त्याने घातलेली अट कोणत्याही मनाला पाळता येण्यासारखी नव्हती. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः येशूने "हा प्याला माझ्यावरून टळून जावो" अशी प्रार्थना केली, आणि तरीही पित्याची इच्छा पत्करली. ती घालमेल शुभवर्तमानांनी, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांनी, लपवलेली नाही.

हे मी त्याला सांगितले, त्याने मान डोलावली, आणि पुढच्या भेटीत तो जसाच्या तसा परत आला. नुसत्या वचनांनी गाठ सुटत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

गाठ सुटली ती एका कागदामुळे. एकदा वचन शोधण्यासाठी त्याने बायबलच्या कव्हरची चेन उघडली आणि आतून चार घड्या घातलेला कागद टेबलावर पडला. त्याने तो घाईघाईने उचलला. हिशेब आहे, म्हणाला. मी विनंती केल्यावर त्याने तो उलगडला: घरभाडे, आईच्या मधुमेहाच्या गोळ्या, बहिणीची फी, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, पुण्याच्या सेमिनरीचा, म्हणजे धर्मसेवेचे शिक्षण देणाऱ्या संस्थेचा, खर्च आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

"हा बायबलमध्ये का ठेवलात?"

"घरी कोणाला दिसू नये म्हणून. लाज वाटते, मॅडम. विश्वास असता तर हिशेब मांडला असता का?"

मी त्याला लूकच्या शुभवर्तमानातील 14 वा अध्याय, 28 वे वचन मोठ्याने वाचायला सांगितले. बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे येशू तेथे म्हणतो. त्याने ते दोनदा वाचले, मग, हुशार मुलगा, त्याच पानावर पुढच्या वचनांकडे वळला आणि म्हणाला, "पण 33 व्या वचनात सर्वस्वाचा त्याग करायला सांगितले आहे."

"होय, आणि दोन्ही एकाच बोलण्यात सांगितले आहे. काय सोडायचे हेच ज्याने पाहिले नाही, तो सोडणार काय?"

बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी दर वेळी पुढे जात होतो, ते हा कागद उघडावा लागू नये म्हणून."

हे वाक्य मी त्याला आयते देऊ शकले असते. ते त्याच्याच तोंडून यावे यासाठी अनेक भेटी संयम ठेवला, आणि त्या संयमाचे मला आजही समाधान आहे. मन पूर्ण होण्याची वाट पाहणे ही पुष्कळदा निवड टाळण्याची अतिशय भाविक दिसणारी रीत असते. सभेत हात वर करायला धैर्य लागते, पण घरी आईसमोर बसून "माझा पगार बंद झाला तर तुझ्या गोळ्यांचे काय?" असे विचारायला अधिक लागते, आणि तेथेच त्याचे पाऊल अडले होते.

ज्यांना हीच काळजी आहे, त्यांनी भावनेची तीव्रता मोजणे थांबवून आधी किंमत लिहून काढावी, घरच्यांना ती दाखवावी आणि मगच पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, जावे. सेवेसाठी देवाचे पाचारण आहे की नाही, हे ठरवणे समुपदेशकाचे काम नाही. ते प्रार्थनेचे आणि मंडळीचे आहे. नोकरी सोडली तरच सेवा पूर्ण, हेही गृहीत धरू नये. करिंथात प्रेषित पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता, आणि सुवार्ताही सांगत होता. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज त्यांनी उभा केला तो 1917 मध्ये. मधली सर्व वर्षे अर्ध्या मनाची होती, असे कोण म्हणेल?

त्या तरुणाने आईला कागद दाखवला. ती रडली, हे त्याने सांगितले. नंतर तिने गोळ्यांचा आकडा स्वतः दुरुस्त केला, कारण तो जुना होता. कर्ज फिटेपर्यंत कारखाना सोडायचा नाही आणि तोवर पाळकांच्या हाताखाली आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यास करायचा, असे दोघांनी मिळून ठरवले. भीती अजून वाटते, असे तो शेवटच्या भेटीत म्हणाला. पुढची वेळ मात्र त्याने मागितली नाही, कारण त्या संध्याकाळी अभ्यास होता.