‘रामदास’ ही प्रवासी बोट किनाऱ्याच्या एवढ्या जवळ असून इतके लोक कसे बुडाले?

कारण बोट हळूहळू बुडाली नाही, कलंडली. १७ जुलै १९४७, गुरुवार. गटारीला गावी निघालेली माणसं सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवस बंदराला निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात मोठी लाट आदळली, बोट एका अंगाला झुकली. घाबरलेले लोक एकाच बाजूला धावले आणि झुकलेल्या अंगावरच आणखी भार पडला. वरचं वजन असं सरकलं की बोट पुन्हा सरळ होत नाही. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता. जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसकडून येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. हे कधी विसरू नये.

मी बेलापूरला राहतो, शेजारी दिवाळे कोळीवाडा. तिथल्या एक आजी अजूनही आषाढात घरच्या कुणाला लाँचमध्ये बसू देत नाहीत. मागच्या वर्षी मी एका लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागितलं, तर वरच्या फळीला सुतळीने बांधलेला गठ्ठा दाखवला. गाठ पावसाने फुगलेली, नखांनी सुटेना. खलाशी म्हणाला, “लागलं तर कापू की.” कलंडताना सुरी शोधायला वेळ कुठला? तुम्ही जाल तेव्हा जॅकेट आधी अंगात घाला, मगच बसा. आणि बोट झुकली तर सगळ्यांबरोबर एका बाजूला धावू नका.