वाचक विचारतात : जुन्या आउटबोर्डच्या इंधन-नळीचे जोड

प्रश्न : 1956 चं जॉन्सनचं 10 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) घेतलं आहे. टाकीपासून इंजिनापर्यंत दोन नळ्या एकत्र चिकटलेल्या आहेत. दुकानात मिळालेला कनेक्टर एका नळीचा आहे, तो बसतच नाही. जोड कुठे मिळेल? – एक वाचक, मिनियापोलिस

तो बसला नाही हे बरंच झालं, कारण तुमच्या इंजिनाला इंधन-पंपच नाही. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या त्या काळातल्या बहुतेक वेगळ्या टाकीच्या इंजिनांत क्रँककेसमधली (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातली) हवा एका नळीतून टाकीत जाते. त्या दाबानं पेट्रोल दुसऱ्या नळीतून कार्ब्युरेटरकडे ढकललं जातं. 1960 च्या आसपास कंपनीनं इंजिनावरच पंप बसवायला सुरुवात केली आणि नळी एकच राहिली. त्यामुळे मागणी नोंदवताना फक्त वर्ष आणि हॉर्सपॉवर सांगून भागत नाही. इंजिनावरच्या जोडाच्या पोकळ खिळ्या मोजा, भरीव खिळी सोडून द्या. दोन पोकळ असतील तर दाबाची टाकी, एकच असेल तर पंपाचं इंजिन.

पूर्ण कनेक्टर शोधण्याआधी जुनाच वाचतो का ते पाहा. धातूचं अंग तडकलेलं नसेल तर बहुधा फक्त आतल्या ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कडक झालेल्या असतात. कनेक्टर इंजिनापासून काढा. बोथट बारीक सळीनं आतला स्प्रिंगचा खटका दाबून धरा आणि वाकवलेल्या तारेच्या बोथट टोकानं रिंग उचकटून काढा. टोकदार सुई वापरली तर खाचेवर ओरखडा उठतो आणि नवी रिंगही तिथून गळते. नवी रिंग व्हायटॉनची, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराची घ्या, टू-स्ट्रोक ऑइलचा थेंब लावून बसवा. हे काम दोन्ही बाजूंना करा. हवेच्या बाजूची रिंग गळली तर पेट्रोल सांडत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. पण टाकीत दाब टिकत नाही आणि इंजिन मंद गतीवर चालून पूर्ण वेगात दम सोडतं. टाकीच्या झाकणाचा आणि टाकीवरच्या, सुरुवातीला हातानं दाबायच्या पंपाच्या भागाचा गॅस्केटही याच कारणासाठी बदला.

जुळी नळी मिळाली नाही तर दोन वेगळ्या नळ्या शेजारी-शेजारी बांधून चालतात. पण ही टाकी दाबाखाली असते. नळी फुटली तर पेट्रोल गळत नाही, उडतं. म्हणून एसएई जे1527 (बोटीच्या इंधन-नळीचं मानक) छापलेली बोटीचीच नळी घ्या, आणि झाकण उघडताना आधी थोडंसं सैल करून दाब जाऊ द्या.

एका नळीवर जायचंच असेल, तर फक्त कनेक्टर बदलून होणार नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या स्पंदनावर चालणारा डायफ्राम (लवचिक पडद्याचा) पंप लावावा लागतो, आणि त्याला क्रँककेसची ओढ-ढकल दोन्ही लागतात. मूळ रचनेतल्या एकमार्गी झडपा फक्त ढकल बाहेर सोडतात, म्हणून एका सिलिंडरची झडप काढून तिथून पंपाला जोड द्यायचा आणि दुसऱ्याचा मार्ग बंद करायचा. दोन्ही सिलिंडर एकत्र जोडले तर त्यांची स्पंदनं एकमेकांना मारतात आणि पंप हलत नाही. मूळ स्वरूप जपायचं असेल तर मी हा फेरफार करू नका असंच सांगेन.

भागांसाठी जुन्या आउटबोर्डच्या संग्राहकांचे मेळावे आणि जुने भाग साठवणारे विक्रेते हाच भरवशाचा मार्ग. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन 2000 च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचं उत्पादनही 2020 मध्ये थांबलं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिनेसोटात काही पंपांवर मिळतं, तेच भरा. पेट्रोल आणि त्यात मिसळायच्या तेलाचं प्रमाण 24:1, म्हणजे लिटरला साधारण 42 मिली.

प्रश्न : सत्तरच्या दशकातलं एव्हिनरूड आहे. टाकीवरचं पितळी निपल (नळी चढवायचं तोंड) तुटलं. हार्डवेअरमधून पाव इंची नवं आणलं, टेफ्लॉन टेप गुंडाळली, तरी झिरपतं. – एक वाचक, मालवण

दोन्ही पाव इंचीच, पण आटे वेगळे. अमेरिकन टाकीवर एनपीटी (अमेरिकन मापाचे नळ-आटे) असतात : इंचाला 18 आटे, 60 अंश कोन, बाहेरचा व्यास सुमारे 13.7 मिमी. आपल्याकडे नळाच्या सामानात मिळतात ते बीएसपी (ब्रिटिश मापाचे) : इंचाला 19, 55 अंश, 13.2 मिमी. पहिले दोन आटे गोड जातात, मग अडकतात. पान्यानं जोर लावला की टाकीच्या मऊ धातूतले आटे कापले जातात. टेपनं ती फट बुजत नाही. उलट टेपचे तंतू कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (इंधनाच्या बारीक छिद्रात) जाऊन बसतात. आट्याचा गेज घेऊन मोजा आणि हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात स्पष्ट ‘पाव इंच एनपीटी’ मागा. मुंबईत नागदेवीला हा माल मिळतो. आट्यांना पेट्रोल सोसणारं द्रव सीलंट लावा, पहिला आटा कोरडा ठेवा, हातानं घट्ट करून वर एक-दीड फेरा पुरे.

नळीचा आतला व्यासही मोजा : 5/16 इंच म्हणजे 7.9 मिमी, 3/8 म्हणजे 9.5. मोठी नळी लहान निपलवर क्लॅम्पनं आवळली की तिला घडी पडते आणि घडीतून हवा शिरते. पारदर्शक पीव्हीसी नळी तर लावूच नका, पेट्रोलमध्ये ती पिवळी पडून लाकडासारखी होते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबरही लवकर जातं. म्हणून हंगाम संपला की टाकी आणि नळी रिकामी करा.

प्रश्न : एका नळीचं इंजिन पूर्ण वेगात बंद पडतं. दोष जोडात की कार्ब्युरेटरमध्ये? – एक वाचक, वेंगुर्ला

इंजिन मरायला लागताच इंधन-नळीवरचा, हातानं पेट्रोल ढकलायचा रबरी फुगा दाबा. सावरलं तर दोष कार्ब्युरेटरच्या आधी आहे. फुगा चपटा होत असेल तर टाकीची हवेची चावी बंद आहे किंवा टाकीच्या बाजूला अडथळा आहे. फुगा गोल पण मऊच राहत असेल तर कुठून तरी हवा ओढली जाते. आधी कनेक्टरची ओ-रिंग पाहा.