राजीनाम्यावर सही करू नका

नाशिकच्या एका भगिनीचं पत्र आहे. कपड्यांच्या दुकानात ११ वर्षं बिलिंग काउंटरवर, मूळ पगार १८ हजार. मालकाने दुकान एका मोठ्या साखळीला विकलं. 'सगळ्यांनी राजीनामे द्या, एक तारखेला नवीन नेमणूकपत्र मिळेल' असा निरोप आहे. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचे, १ लाख १४ हजार येतील. ओळखीचा एजंट हमी परताव्याची पॉलिसी सुचवतोय, दरवर्षी लाख रुपये, १० वर्षं. घेऊ का?

नको, ताई. वर्षाला सव्वादोन लाखही न मिळवणाऱ्या बाईला लाखाचा हप्ता सांगताना त्याला लाज वाटायला हवी होती. दुसरा हप्ता कुठून भरणार?

पण मला काळजी आहे ती राजीनाम्याची.

दुकानाचा मालक बदलला म्हणून तुमची नोकरी आपोआप नव्याने सुरू होत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५ एफएफ कलमात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नवा मालक सेवा अखंड धरून, अटी कमी न करता ठेवणार असेल, तर ११ वर्षं त्याच्या खात्यात जातात. तो तयार नसेल, तर जुन्या मालकाने दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार द्यायचा. म्हणजे अंदाजे ९९ हजार अधिक १८ हजार, आणि ग्रॅच्युइटी वेगळी. एकूण २ लाख ३० हजारांच्या घरात. स्वखुशीचा राजीनामा दिलात की हातात फक्त ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटी आत्ता घेऊन ठेवीत टाकली तरी चालेल असं वाटू शकतं. पण ती शेवटच्या पगारावर मोजतात, आणि नव्या नोकरीत तिच्यासाठी पुन्हा पाच वर्षं भरावी लागतात. त्याहून मोठा धोका नोकरकपातीचा आहे. कपातीत सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. नव्या नेमणूकपत्राने तुम्हीच शेवटच्या. सहा महिन्यांनी काढलं, तर वर्षही भरलेलं नाही, भरपाई शून्य.

म्हणून मालकाला लेखी द्या: 'मी राजीनामा देत नाही, माझी सेवा अखंड धरावी किंवा कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी.' पोच घ्या. पीएफ काढू नका, तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू ठेवा. दबाव आला तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जा, पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन. सोबतच्या चारजणी असतील तर सगळ्या मिळून जा.