कोयता, उचल आणि पाचव्या महिन्यातल्या गोळ्या

(बीड जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र, थोडक्यात : मी सव्वीस वर्षांची आहे. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी निघाला. गोळ्यांचा पाचवा महिना चालू आहे. थुंकीत आता जंतू येत नाहीत, पण अंग काळवंडले आहे आणि तळपायांची आग होते. सासूबाईंनी ताट-तांब्या वेगळा काढला. मालकांनी मुकादमाकडून कोयत्याची उचल (आगाऊ मजुरी) घेतली असून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आहे. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. विहिरीवर गेले की नको ते मनात येते.)

तुमचे शेवटचे वाक्य मी आधी घेते, कारण पत्राच्या तळाशी तुम्ही जाता जाता लिहिलेली ही गोष्ट मला सर्वांत तातडीची वाटते. या उपचारात अनेकांना सायक्लोसेरीन नावाचे औषध दिले जाते आणि त्याने झोप उडणे, मन खचणे, जीव नकोसा होणे असे त्रास होऊ शकतात. तेव्हा याला स्वतःचा दुबळेपणा समजून मनात ठेवू नका. मालकांना किंवा आईला आजच स्पष्ट सांगा, त्यांना घेऊन उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा आणि तोवर पाण्याला एकट्या जाऊ नका. रात्री अनावर झाले तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नयेत. थुंकी स्वच्छ आली तरी फुप्फुसात काही चिवट जंतू उरलेले असतात. औषध मध्येच सुटले तर तेच वाढतात आणि आज लागू पडणाऱ्या गोळ्यांनाही पुढे जुमानत नाहीत. नवा उपचार काही रुग्णांना सहा महिन्यांत पुरा होतो. क्लोफाझिमिन हे अंग काळवंडवणारे औषध असलेला लांबचा उपचार साधारण १८ ते २० महिने चालतो, आणि तुमच्या अंगाच्या रंगावरून तुमचा हाच असावा असे दिसते. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरतो. तळपायांची आग मी इतकी हलक्याने घेणार नाही. ती बहुधा याच उपचारातल्या लिनेझोलिड या औषधामुळे असते; वेळेत कळले तर डॉक्टर मात्रा कमी करतात, उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. दिसायला अंधुक झाले किंवा रंग ओळखू येईनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नर्सबाईंनी ‘काही त्रास?’ असे विचारले की आपल्याकडच्या बायका ‘नाही, बरं आहे’ म्हणून मोकळ्या होतात. तेवढे या वेळी करू नका.

आता तोडीचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचलही जोडीच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे तुमच्या मालकांची अडचण मला कळते. पण पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, रात्री कोपीत निजायचे, हे या हंगामात तुमच्या शरीराला झेपणारे नाही. या औषधांनी रक्तही कमी होऊ शकते. मालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुकादमाकडे जावे आणि दीर किंवा अन्य जोडीदार घेऊन कोयता पुरा करता येतो का, ते आताच ठरवावे. हंगाम तोंडावर आल्यावर मुकादम ऐकून घेत नाही. जाणे टळलेच नाही, तर निघण्यापूर्वी केंद्रात सांगून तुमच्या निक्षय क्रमांकावरून (टीबी रुग्ण म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीच्या क्रमांकावरून) उपचार कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करून घ्या, आणि तिथली व्यवस्था लागेपर्यंतच्या गोळ्या व कागदपत्रे जवळ ठेवा.

टीबी रुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले आहेत. ते कोणाच्या खात्यात येतात आणि त्यातली किती अंडी, किती शेंगदाणे तुमच्या ताटात पडतात, हे एकदा बघा.

सासूबाईंशी भांडू नका, पण ताट वेगळे केल्याने कोणाचेही रक्षण होत नाही, कारण हा रोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो, भांड्यांतून नव्हे. घरातल्या सर्वांची तपासणी तशीही व्हायलाच हवी. तेव्हा पुढच्या वेळी सासूबाईंनाच सोबत न्या आणि ताटाचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेने सांगितलेले जे पटत नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून बहुतेक वेळा पटते.