माळ्यावर वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर सापडलाय. टीव्हीला जोडून सुरू करू का?

जरूर करा, पण आधी अडॅप्टर तपासा. या यंत्राला 9 व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मधोमध निगेटिव्ह असतो. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. वडोदऱ्यात माझ्या मावसभावाने बाजारातून मिळेल तो आणून खोचला आणि यंत्र गेलं. अजून हळहळ वाटते. मूळ अडॅप्टर असेल तरी मीटर लावून बघा. आतले कॅपॅसिटरही इतक्या वर्षांत सुकलेले असतात, ते बदलून घेतलेले बरे.

डेसिबेल्स या कंपनीने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन हा भारतात आणला. आत सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचं 1982 चंच डिझाइन: झेड 80 प्रोसेसर, 48 केबी रॅम.

टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवरचा गेम लोड करताना फक्त 'J' ही कळ दाबा, अख्खा 'लोड' शब्द आपोआप उमटतो. मग दोन अवतरणचिन्हं आणि एंटर. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे सरकतील, मग निळे-पिवळे बारीक. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते पट्टे सुरू झाले की सगळे श्वास रोखून बसायचो. मोठा गेम चढायला पाचेक मिनिटं लागायची. मधेच 'टेप लोडिंग एरर' आला तर यंत्राला दोष देऊ नका. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा, आवाज थोडा वाढवा, तरीही नाही झालं तर हेडचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवा. आमच्याकडे दहातल्या आठ वेळा दोष तिथेच निघायचा.